मधली सोळा पाने

२ मार्च

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

काल रविवारी तू काठी घेऊन फाटकापर्यंत चालत आलीस. मी मोजले, एकशे बारा पावले. परत जातानाही तेवढीच. फाटकाशी तू विचारलेस, "मग सही कधी करतोस?" आणि मी बसची वेळ झाली म्हणालो. बसला अजून चाळीस मिनिटे होती. खोटे बोललो, क्षमा कर. समोरासमोर मला सुचत नाही, म्हणून लिहितो.

शुश्रूषागृहाचा नियम तुला ठाऊक आहे. ज्याने दाखल केले त्याच्या सहीशिवाय ते कुणाला घरी सोडत नाहीत. तुला मी दाखल केले. सोडण्याचा कागद त्यांनी मला फेब्रुवारीतच दिला. तो माझ्या खणात आहे, घडी न पाडता ठेवला आहे.

सही का करत नाही, ते सांगतो. आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात सध्या एक जाड पुस्तक बांधायला आले आहे. विषय आहे, स्वातंत्र्य म्हणजे काय. तीनशे चौऱ्याऐंशी पाने. एका मोठ्या कागदावर सोळा पाने छापून येतात, त्याला आम्ही फर्मा म्हणतो आणि घड्या घालून तो पुस्तकाच्या मापाचा करतो. असे चोवीस फर्मे आहेत. विषम आकड्यांचे माझ्या टेबलावर, सम आकड्यांचे समोर, माझ्याबरोबर काम करणाऱ्या मिशाळाच्या टेबलावर. दुसऱ्याच्या टेबलावरचा कागद उचलायचा नाही, मोजणी चुकते, असा मालकांचा नियम आहे. म्हणून मी सोळा पाने वाचतो, मधली सोळा सोडतो आणि पुढची सोळा वाचतो. विषय तोच चालू असतो, त्यामुळे फारसे अडत नाही.

पुस्तकात म्हटले आहे की स्वातंत्र्य दोन प्रकारचे असते. एक म्हणजे आपल्याला कुणी अडवू नये. दुसरे म्हणजे आपला लगाम आपल्या हातात असावा. हे दुसरे अधिक अवघड. कारण माणसात दोन 'मी' असतात. एक हट्टी, त्याला आत्ताच्या आत्ता हवे असते. दुसरा शहाणा, त्याला आपले खरे हित कळते. हट्ट्याला कुणी अडवले तर शहाणा मोकळा होतो. म्हणजे प्रत्येक अडवणे हे बंधन नसते. हे सर्व तिसऱ्या फर्म्यात आहे, पान चाळीस ते अठ्ठेचाळीस. मी चार वेळा वाचले.

मावशी, घरी जायचे म्हणते ती तुझ्यातली हट्टी बाई आहे. दुसरा मजला, एकटीचे घर, ओले न्हाणीघर. शहाण्या बाईला तिथे जायचे नसणार. तेव्हा सही न करून मी तुझे स्वातंत्र्य काढून घेत नसून राखतो आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

गोळ्या वेळेवर घे. उत्तर लिही.

तुझा,
फूटपट्टी


६ मार्च

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर मोत्यासारखं, एक काना-मात्रा इकडची तिकडे नाही. लहानपणी पट्टी घेऊन घरातल्या खुर्च्या मोजत फिरायचास तेव्हा तुला हे नाव ठेवलं. आता माझी पावलं मोजतोस म्हणजे प्रगती आहे.

माझ्यातल्या शहाण्या बाईला तू कधी भेटलास रे? मला एकाहत्तर वर्षांत एकदाही दिसली नाही. आणि तिचं मत नेमकं तुझ्या मतासारखंच निघतं, हा योगायोग तुला खटकला नाही?

मी एकतीस वर्षं कचेऱ्यांच्या इमारतीत लिफ्ट चालवली. आठ मजले. माणूस आत आला की विचारायचं, "कितवा?" सातव्यावर घटस्फोट करून देणारे वकील होते. जोडपी वर जाताना एकमेकांकडे पाठ करून उभी राहायची. एका बाईने तर पाचव्यापाशी हुंदका दिला. फार वाटायचं, यांना उलट खाली न्यावं, बाकावर बसवावं, म्हणावं, अहो, जरा दम धरा. पण बटण सातचंच दाबलं. "तुमच्यातल्या शहाण्या माणसाला तिसऱ्यावर जायचंय" असं म्हणून मी एकालाही तिसऱ्यावर उतरवलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. आणि ते बरोबरच झालं असतं.

आता इथलं ऐक. मोठ्या बाई, म्हणजे इथल्या मुख्य, वाईट नाहीत. उलट चांगल्या आहेत. खिडकीजवळची खाट मागितली, दिली. जेवणानंतर अंगणात अर्धा तास मागितला, दिला. तीन महिन्यांत एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. पण सकाळी जाग आली की मी आधी काय करते माहितेय? त्यांच्या चपलांचा आवाज ऐकते. चपला जोरात वाजल्या की त्या दिवशी मी काही मागत नाही. परवा मी त्यांना म्हटलं, "आज केस किती छान बसलेत हो तुमचे." बोलून गेले आणि मनात म्हटलं, अगं बाई, हे कोण बोललं? मी आयुष्यात कुणाच्या केसांबद्दल बोलले नव्हते.

मला कुणी अडवत नाही. तरी मी मोकळी नाही. हे तुझ्या पुस्तकात कुठल्या फर्म्यात आहे, ते शोधून कळव.

सही कर.

मावशी


९ मार्च

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

तू विचारलेस ते मी पाचव्या, सातव्या आणि नवव्या फर्म्यात शोधले. तिथे नाही.

तुझ्या लिफ्टचीच गोष्ट मी तुला परत सांगतो. तूच सांगितली होतीस. चौथ्या मजल्यावरचे दार बिघडून उघडे राहिले होते आणि लिफ्ट खाली होती. एक गृहस्थ हातातला कागद वाचत सरळ आत पाऊल टाकणार, तेवढ्यात तू जिन्याने वर येत होतीस. तू त्यांची कॉलर धरून मागे ओढलेस. त्यांच्या शर्टाचे बटण तुटले. तेव्हा तू त्यांना "कितवा?" असे विचारले होतेस का?

मी तुझी कॉलर धरली आहे. एवढेच.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मी सकाळी साडेसातला आलो. दार आतून बंद, हाक मारली तर उत्तर नाही. शिवणवाल्या बाई खालून वर आल्या, त्यांच्या नवऱ्याने कडी तोडली. तू न्हाणीघराच्या दारात पडली होतीस. डॉक्टरांनी विचारले, किती वेळ? मी अकरा तास सांगितले. टेबलावरचे ताट वाळले होते आणि दिवा चालू होता, त्यावरून हिशेब केला. तुला शुद्ध होती की नाही, मला माहीत नाही. मी अजून जिन्यात पोचलो की पायऱ्या चढण्याआधी थांबतो.

आणखी एक गोष्ट आहे. ती लिहिण्यासाठी दोन मसुदे फाडले. हा तिसरा.

आई गेल्यावर मी तुझ्याकडे आलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. पंधराव्या वर्षी मी म्हणालो की शाळेत जात नाही. तू म्हणालीस, "तुझं तू ठरव." सगळे तुला नावे ठेवत होते, आणि तू सांगत होतीस की मी मुलाला मोकळीक दिली आहे. मी ठरवले. आज मला शुद्ध लिहिता येते आणि कागदाची घडी सरळ घालता येते. त्यापलीकडे कुठे अर्ज करायला गेलो की दाखला विचारतात आणि मी दारातून परत येतो. मला कुणीही अडवत नाही. पण मला कुठे जाताही येत नाही. तू तेव्हा मला अडवले असतेस तर आज मी मोकळा असतो. म्हणून मी तुला अडवतो आहे.

कठोर लिहिले असेल तर क्षमा कर. खोडले मात्र नाही.

तुझा,
फूटपट्टी


१६ मार्च

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पाच दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. काल रविवार होता, तुझा यायचा. तू आला नाहीस. मी फाटकापर्यंत जाऊन आले. पावलं मोजली नाहीत.

आधी सोपं घेते. त्या गृहस्थाला पुढे खड्डा आहे हे ठाऊकच नव्हतं. कॉलर धरली, म्हटलं, "अहो, लिफ्ट नाहीये," आणि कॉलर सोडली. तो खाली वाकून बघून म्हणाला, "बाप रे." मग जिन्याने गेला. मी त्याला घरी नेऊन बांधून ठेवला नाही. मला माझं न्हाणीघर ठाऊक आहे. तुझं मला सांगून झालं. आता कॉलर सोड.

शुद्ध होती. पूर्ण वेळ. घाबरले होते, ते लपवत नाही. गार लागत होतं आणि कंबरेखाली काही माझं नव्हतं. पण मी या घरात राहायला नको होतं, असं एकदाही मनात आलं नाही. आलं ते एवढंच की न्हाणीघरातली ती चटई सरकते हे वर्षभर दिसत असून मी बदलली नाही, केवढी मी आळशी.

आता तुझी शाळा.

लोकांना मी मोकळीक दिली असंच सांगत आले. तुलाही. दहा वर्षं सांगून सांगून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. खरं असं आहे. त्या दिवशी मी दहा तास उभी राहून आले होते. दुसरी लिफ्टवाली आजारी होती. तू दारात दप्तर घेऊन उभा. "मावशी, मी उद्यापासून जात नाही." मला दिसत होतं की तुझा चेहरा पांढरा पडलाय, काहीतरी झालंय. विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मग मला बसावं लागलं असतं, शाळेत जावं लागलं असतं, भांडावं लागलं असतं. माझ्यात त्राण नव्हतं. म्हणून म्हटलं, तुझं तू ठरव, आणि पाय चेपत बसले. पंधरा वर्षांच्या पोराला असं म्हणणं म्हणजे मोकळीक नव्हे. त्याला एकटं टाकणं म्हणतात. अडवायला हवं होतं. निदान कारण विचारायला हवं होतं. मी चुकले. हे मी कुणाजवळ बोलले नव्हते.

पण आता तू बघ काय करतो आहेस. त्या मुलाला तेव्हा कुणी अडवलं नाही, म्हणून तू आज एका म्हातारीला अडवतोस. तो मुलगा इथे नाही. या खाटेवर मी आहे.

शिवणवाली काल बसने मला भेटायला आली होती. तासभर बसली. इकडचं तिकडचं बोलणं झालं, घराचंही झालं. तुला मला काही सांगायचं असेल तर सांग.

मावशी


२३ मार्च

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

पंधरा तारखेला मी बसस्थानकापर्यंत आलो होतो. नऊ मार्चचे पत्र टाकल्यावर तुझ्यासमोर उभे राहायचे धैर्य झाले नाही. बस गेल्यावर घरी गेलो. तुझे पत्र मी कारखान्यात नेले नाही. घरीच वाचले, कारण वाचताना उठून फिरावे लागत होते.

शुक्रवारी पुस्तकाची जुळणी सुरू झाली. लांब टेबलावर चोवीस फर्म्यांचे चोवीस गठ्ठे ओळीने मांडतात. आपण चालत जायचे, प्रत्येक गठ्ठ्यातला एक उचलायचा, टोकाला पोचलो की एक प्रत होते. मी पहिला, दुसरा, तिसरा उचलला आणि चौथ्यापाशी थांबलो. पान एकोणपन्नास. आजवर मी अठ्ठेचाळीसवरून पासष्टवर जात होतो.

मिशाळ मागून म्हणाला, "काय रे, चारशे प्रती जुळवायच्यात, तू पहिलीशीच मुक्काम ठोकलास?"

मी म्हणालो, "इथे तिसऱ्या फर्म्याच्या अगदी उलट लिहिले आहे."

"असेल की. मी सम वाचलेत. तीन आठवडे मला वाटत होतं, हा लेखक नुसता भांडखोर आहे. कुणी काही बोललेलं नसताना उत्तरं देत सुटतो."

"आणि मला वाटत होते की त्याचे तेच मत आहे."

"अर्धं पुस्तक वाचून?" तो म्हणाला. "बरं, सरक पुढे. मागे दोघं खोळंबलेत."

एक प्रत वाकडी कापली गेली. मालकांना विचारून ती मी घरी आणली. विचारण्याआधी त्यांचा चेहरा पाहिला. हे माझ्या लक्षात आले ते तुझ्या पत्रामुळे. मालक कधीच नाही म्हणत नाहीत.

चौथ्या फर्म्यात आरंभीच म्हटले आहे की दोन 'मीं'चे हे मत ऐकायला गोड आहे, म्हणूनच त्याच्यापासून जपावे. ज्याला दुसऱ्याला कोंडायचे असते तो आधी त्या माणसाच्या आत एक शहाणा माणूस बसवतो आणि मग त्याच्या वतीने स्वतःच बोलतो. मावशी, हे तू सहा मार्चला लिहिले होतेस. चार ओळींत. लेखकाला सोळा पाने लागली.

तुझ्या मोठ्या बाईंच्या चपला दहाव्या फर्म्यात आहेत. तिथे म्हटले आहे की भला धनी असला तरी तो धनीच. तो आज अडवत नाही, पण मनात आले तर अडवू शकतो, एवढ्यानेच माणूस त्याचा चेहरा वाचायला शिकतो. मग मी विचार केला की तुझा कागद मोठ्या बाईंकडे नसून माझ्या खणात आहे. फाटकाशी तू सहीबद्दल किती हसून विचारले होतेस. तू असे हसत नाहीस. तेव्हा चपला माझ्या आहेत.

सोळाव्या फर्म्यात मात्र असेही आहे की नुसते दार उघडे ठेवून भागत नाही, चालायला पाय लागतात, आणि लहान माणसाला ते पाय मिळवून देणे मोठ्यांचे काम आहे. तेव्हा शाळेबाबत मी चुकीचे बोललो नव्हतो. तूही तेच लिहिलेस. मला ते वाचून बरे वाटले आणि मग वाईट वाटले.

आता ते सांगतो, जे सांगायचे टाळत होतो. शिवणवाल्या बाई तुला घराच्या खिडकीच्या फुटलेल्या काचेबद्दल बोलल्या असतील. त्याहून मोठी गोष्ट आहे. वीस फेब्रुवारीला घरमालकाचे पत्र आले. खोल्या ठेवायच्या की सोडायच्या, ते एकतीस मार्चपर्यंत कळवा, उत्तर न आल्यास सोडल्या असे समजू, असे त्यात आहे. मी उत्तर दिले नाही. तुला सांगितले नाही. मी ठरवले होते की काहीच करायचे नाही. काही न करायला कुणाची सही लागत नाही. एक तारखेला तुला सांगितले असते की खोल्या गेल्या, आता इथेच राहावे लागेल. आणि तू मला दोष दिला नसतास, कारण मी काही केलेच नव्हते.

असा माणूस मी आहे, हे मला माहीत नव्हते.

कागदावर सही अजून केलेली नाही. काल पेन घेऊन बसलो होतो. पूर्ण पुस्तक वाचले तरी भीती गेली नाही. तिच्यावर त्यात एकही फर्मा नाही.

तुझा,
फूटपट्टी


२६ मार्च

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

काचेचं मला माहीतच नव्हतं. कुठली फुटली? स्वयंपाकघरातली असेल तर ती आधीच तडकली होती.

खोल्यांचं शिवणवालीने पंधरा तारखेलाच सांगितलं. घरमालक तिला विचारत होता, वरच्या बाई येणार आहेत की नाही. म्हणाली, "तुमच्या भाच्याला पत्र दिलंय म्हणे, तुम्हाला बोलला नाही का?" मी म्हटलं, "बोलला, बोलला. मीच विसरले." ती गेल्यावर लगेच घरमालकाला लिहिलं, खोल्या ठेवायच्या आहेत. लखोट्यावर पत्ता घातला आणि उशीखाली ठेवला. दहा दिवस ठेवला.

टाकला असता तर काम झालं असतं. पण मग तू माझ्यापासून लपवलंस आणि मी तुझ्यापासून, असे आपण दोघं एकमेकांना गोड पत्रं लिहीत बसलो असतो. तू सांगशील याची वाट बघत होते. तीस तारखेपर्यंत थांबणार होते. खरं सांगायचं तर अठ्ठावीसपर्यंतच. मी काही संत नाही.

काल तुझं पत्र आलं. आज लखोटा टाकला.

खोल्यांचं झालं. राहिली सही. ती तुझी आहे आणि मी तुझ्या हातून ओढून घेऊ शकत नाही. एक आधीच सांगते. तू ती केली नाहीस तरी मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही, अबोला धरणार नाही, जेवण टाकणार नाही. पत्रं अशीच लिहीन. हे लिहून देते, कारण नाहीतर तू मला गमावशील या भीतीने सही करशील, आणि मग तू माझ्या चपलांचा आवाज ऐकत राहशील. तसली सही मला नको.

आणि भीती जायची वाट बघू नकोस. ती जाणार नाही. मी पोटच्या पोरासारखा वाढवलेला एकच मुलगा, तो रस्ता ओलांडताना अजून माझा जीव वरखाली होतो. म्हणून मी तुला घरात ठेवला का? भीती तुझी आहे, तू सांभाळ. माझ्या खाटेखाली ठेवायला आणू नकोस.

मावशी


२८ मार्च

तीर्थरूप मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज सकाळी मिळाले. सही केली. कागद रजिस्टर टपालाने शुश्रूषागृहाला पाठवला, पावती जपून ठेवली आहे. सही नेहमीइतकी सरळ आली नाही, पण ती माझीच आहे हे ओळखू येते.

मी तुझ्यासाठी एकोणीस सूचनांची यादी केली होती. क्रमांक घालून, समास सोडून. पाकिटात घातली, आणि मग विचार केला की या सूचना आहेत की अटी? सात तर सरळ हुकूम होते. यादी परत काढली. त्यातल्या तीन गोष्टी फक्त विचारतो. न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवू का? नवी चटई मी आणू की तू पाहून घेशील? आणि एक किल्ली शिवणवाल्या बाईंकडे ठेवशील का? नाही म्हणालीस तर नाही.

तू कारण विचारले नव्हतेस असे लिहिलेस. कारण असे होते. परीक्षेत मी प्रत्येक शब्द तीनदा तपासत असे आणि पेपर अर्धा राहत असे. गुरुजी वर्गात म्हणाले, "हा बघा, याची एकही चूक नाही, कारण याने काही लिहिलेलेच नाही." सगळे हसले. आता सांगताना ते फार लहान वाटते.

एक तारखेला सकाळी दहा वाजता घ्यायला येतो. म्हणजे, येऊ का?

तुझा,
फूटपट्टी


९ एप्रिल

चि. फूटपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आता आपण एकाच गावात आहोत आणि तू रविवारी येशीलच. तरी हे टपालाने टाकते. समोर बसून सांगितलं तर तू मधेच "मग?" म्हणशील आणि उठून माझा हात धरशील.

दांडा चांगला बसला. किल्ली शिवणवालीकडे दिली. चटईचं मात्र मी माझं बघितलं. लाल आणली. तुला आवडणार नाही.

ते गुरुजी आज असते तर मी त्यांना आठव्या मजल्यावर नेऊन लिफ्टचे दिवे घालवून उभी राहिले असते. लहान गोष्ट नव्हती ती. मला दहा वर्षं उशीर झाला.

काल सकाळी मी खाली उतरले. काही काम नव्हतं. दूध होतं, पाव होता, गोळ्या होत्या. उतरावंसं वाटलं म्हणून उतरले. चौतीस पायऱ्या, कठडा एका हाताने, काठी दुसऱ्या हाताने. रस्त्यावर उभी राहिले. एक माणूस सायकलची साखळी चढवत होता, हात काळे झाले होते त्याचे. त्याची साखळी बसेपर्यंत बघितलं. मग परत फिरले.

चढताना पहिल्या वळणावर दम लागला. पायरीवर बसले. कठड्यातून खाली बघते तो दारात तू. कामावर जाताना वाकडी वाट करून आलेला, डबा बगलेत. तू मला बघितलंस. मी तुला बघितलं. मला वाटलं, आता हा धावत येणार, दोन दोन पायऱ्या घेत, आणि मला उचलून वर नेणार. तू पहिल्या पायरीवर पाय ठेवलासही. मग काढून घेतलास आणि भिंतीला टेकून उभा राहिलास. तोंड असं केलं होतंस, जसं काही दात काढून घेतोय कुणी.

मी बरीच बसले. काही तुझी परीक्षा बघत नव्हते, खरंच दम लागला होता. मग उठले. दोनदा थांबले. एकदा काठी घसरली, ती तू ऐकलीस, कारण खालून "मा" एवढंच आलं आणि पुढचं तू गिळलंस. वर आले, दार लावलं, कडी घातली. कडीचा आवाज झाल्यावर तू गेलास. मी खिडकीतून बघितलं, तू पळत होतास. उशीर झाला असणार.

कुठे गेले होते, का गेले होते, असं मला कुणी विचारलं नाही. मी सांगते आहे ते सांगावंसं वाटलं म्हणून.

मग चहा टाकला, आणि खिडकीशी उभी राहून पार विसरले. आटून गेला सगळा. भांडं घासायला अर्धा तास लागला. ते घासताना मी इतकी खुशीत होते की काय सांगू.

मावशी